शिबिर नको, पाळी लावा

राजाच्या बायकोला ब्लड कॅन्सर निघाला, हे कट्ट्यावर गुरुवारी कळलं आणि शनिवारी संध्याकाळी फडके रोडच्या टोकाला आमची जी जुंपली, ती दुकानांची शटरं पडेपर्यंत. अडीनडीला आमचा कट्टा धावून जातो, त्यात कुणाचं दुमत नाही. वाद होता तो धावायचं नेमकं कुठे, यावर.

पक्या सगळं ठरवूनच आला होता. "पुढच्या रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये रक्तदान शिबिर. वहिनींसाठी. शंभर बाटल्या काढतो की नाही बघा." पक्या रिक्षा चालवतो. स्टँडवरची पोरं त्याच्या एका हाकेवर येतात, तेव्हा ही पोकळ बढाई नव्हती.

बाळू रक्तपेढीत टेक्निशियन. तो म्हणाला, "काढशील रे शंभर. पण वहिनींना लागतायत प्लेटलेट्स, आणि त्या टिकतात जेमतेम 5 दिवस. फ्रीजमध्येही ठेवता येत नाहीत, 20 ते 24 डिग्रीला मशीनवर सतत हलवत ठेवाव्या लागतात. पुढच्या आठवड्यात काय करशील?"

"दुसरे शंभर आणीन."

"कुठून? एकदा रक्त दिलं की पुरुषाला 3 महिने परत देता येत नाही. मशीनवर प्लेटलेट्स द्यायच्या तरी महिनाभर थांबावं लागतं. म्हणजे एका रविवारात तू अख्खा स्टँड बाद करणार."

मग त्याने एसडीपी, म्हणजे एकाच दात्याकडून मशीनवर घेतलेल्या प्लेटलेट्स, हे काय असतं ते समजावलं. दात्याच्या हातातून रक्त मशीनमध्ये जातं, प्लेटलेट्स वेगळ्या निघतात आणि बाकीचं रक्त परत अंगात. तास-दीड तास बसायचं. साध्या पद्धतीने पाच-सहा जणांच्या रक्तातून जेवढ्या निघतील, तेवढ्या एका माणसाकडून मिळतात. नस चांगली हवी, आधीचे 3 दिवस ॲस्पिरिन घेतलेली नको, आणि रक्तपेढीचा फोन आला की निघायची तयारी हवी. शिबिराचा बॅनर लावून हे होत नाही.

"पण वहिनींचा भाऊ आहे की धडधाकट," मास्तर म्हणाले. "पहिला हक्क त्याचा."

"त्याचं तर आधी टाळतात, मास्तर. पुढेमागे बोन मॅरो बदलायची वेळ आली, तर सख्ख्या भावंडांचीच आधी तपासणी होते. जुळण्याची शक्यता चारांत एक. त्याच्याच रक्तातल्या पेशी आधी चढवल्या, तर शरीर त्यांच्या विरोधात तयार होतं आणि पुढे ते रोपण नाकारू शकतं. म्हणून इथे परकी माणसंच लागतात."

पक्या एकदम सरळ बसला. आपण नात्याचे नाही म्हणून मागे उभं राहायचं, अशी आपल्याकडे रीत आहे. इथे नात्याचे नसणं हीच आपली पात्रता होती.

खरा भडका उडाला तो तात्यांच्या प्रश्नाने. "भेटायला कधी निघायचं?"

"नाही निघायचं," बाळू म्हणाला.

तात्या गिरणीत आयुष्य काढलेले, लालबागच्या चाळीत वाढलेले. "म्हणजे? माणूस मरणाच्या दारात आणि आपण तोंड दाखवायचं नाही? आमच्या चाळीत कुणी दवाखान्यात असलं, तर आळीपाळीने माणसं बसायची. केईएमच्या व्हरांड्यात मी स्वतः रात्री काढल्यात. माणूस माणसाला बघूनच बरा होतो."

"तात्या, केमोने पांढऱ्या पेशी ढासळतात. तुमच्या साध्या सर्दीचा तिथे न्यूमोनिया होतो. फुलं नकोत, बाहेरची कापलेली फळं नकोत, गर्दी तर नकोच नको."

"बरं. पण केमो सूनबाईला चालू आहे. राजाला नाही ना? त्याला कोण बघणार?"

बाळूकडे याला उत्तर नव्हतं, आणि माझ्या मते त्या संध्याकाळचं सगळ्यात मोलाचं बोलणं हेच. मी शुक्रवारी परळला, वहिनींच्या इस्पितळात जाऊन आलो होतो. राजा खाली बाकावर बसलेला, मांडीवर फुगलेली फाइल, त्यातून रेशनकार्डाच्या झेरॉक्स बाहेर डोकावतायत. फोन सारखा वाजत होता. जो तो विचारणार, "कसं कळलं? कुठली स्टेज?" मग राजा पुन्हा पहिल्यापासून सांगणार: हिरड्यांतून रक्त आलं, अंगावर काळेनिळे डाग आले, रिपोर्टमध्ये प्लेटलेट्स 10,000 च्या खाली. आणि शेवटी प्रत्येकाचं, "काही लागलं तर सांग हं." सकाळपासून त्याच्या पोटात एक वडापाव होता. काय लागेल याची यादी करायला तरी डोकं ताळ्यावर हवं ना त्याचं! मला तरी ते वाक्य आता ऐकवत नाही. काय लागतं ते आपण ओळखावं आणि उचलावं.

पैशांवर मास्तरांचं म्हणणं होतं की वर्गणीची गरजच काय, महात्मा फुले योजना आहे. ही मूळची 2012 ची राजीव गांधी जीवनदायी. आता कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत कवच, पांढऱ्या रेशनकार्डालाही. खरंच आहे, आणि आरोग्यमित्राला, म्हणजे इस्पितळात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला गाठून कागद पुढे सरकवायचं काम मास्तरांनीच अंगावर घेतलं. पण योजना इस्पितळातल्या उपचारांचा खर्च उचलते. राजाची बिनपगारी रजा, रोजचं येणं-जाणं, दहावीतल्या मुलीचा क्लास, आईची साखरेची औषधं तीत कुठे बसतात? वर्गणी काढायचीच, हे बहुमताने ठरलं. कुणी किती दिले ते ग्रुपवर टाकायचं नाही, हा माझा आग्रह. मास्तरांना हिशेब उघडा हवा होता. शेवटी खर्च उघडा आणि देणाऱ्यांची नावं झाकलेली, इथवर ते आले, पण खुशीने नाही.

शिंदेकाकू पोळीभाजी केंद्र बंद करून तोवर येऊन उभ्या होत्या. "डबा मी देते. परळला नाही, घरी. ती पोर आणि म्हातारी दोन दिवस मॅगीवर आहेत. आणि मला रोज विचारायला येऊ नका, ते चालूच राहील." डबा पोचवणं आणि मुलीला रात्री क्लासवरून आणणं पक्याच्या रिक्षाकडे. राजाचे फोन मास्तरांकडे वळवायचे, रोज संध्याकाळी एकच निरोप सगळ्यांना. शनिवारी बाकावर राजाशेजारी तात्या. वर जायचं नाही, उपदेश करायचा नाही, त्याला जेवायला धाडून फाइल सांभाळायची.

"आणि हे किती दिवस?" तात्यांनी विचारलं.

"पहिला टप्पाच महिनाभराचा," बाळू म्हणाला. "त्यांच्या प्रकारात सगळं धरून औषधं दोन-अडीच वर्षं चालतात."

कुणी काही बोललं नाही. पहिल्या आठवड्यात गल्ली लोटते आणि तिसऱ्या महिन्यात घरचा माणूस एकटाच डोंबिवली लोकल पकडताना दिसतो, हे आम्ही इतर घरांच्या बाबतीत पाहिलेलं आहे. म्हणून मी म्हटलं, प्रत्येकाने झेपेल तेवढंच घ्यावं, पण घेतलं ते सोडू नये. तात्या म्हणाले, असं आधीच मोजून मापून देणं त्यांना पटत नाही. त्यावर आमचं अजूनही एकमत नाही.

पक्या मात्र फोन घेऊन बाजूला गेला होता. "अरे, तुझा ग्रुप बी पॉझिटिव्ह ना? नाही नाही, रविवारी नको देऊस. आधी तपासणी करून ये, नंबर लावून ठेवतो. फोन आला की जायचं."