गृहीतकाला धक्का न लावता

ठाण्यात राहून समाजशास्त्रात पीएच.डी. करू पाहणाऱ्या, किंवा समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गाचा लघुप्रबंध मार्चअखेर बांधून देण्याच्या विवंचनेत असलेल्या विद्यार्थ्याने एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करावी. निष्कर्ष हा संशोधनाच्या शेवटी काढायचा नसतो, तो विषय मंजूर होण्यापूर्वीच तयार ठेवायचा असतो. तो एकदा हाताशी असला, की मधल्या काळात कोणी काही नवे सांगून तो बिघडवू नये, एवढीच काळजी उरते. पुढील सूचना त्या काळजीपोटी केलेल्या आहेत.

विषयाचे शीर्षक दोन ओळींहून कमी नसावे. ‘ठाणे महानगरपालिका क्षेत्रातील घरेलू कामगार महिलांच्या सामाजिक व आर्थिक स्थितीचे चिकित्सक अध्ययन : विशेष संदर्भ शासकीय कल्याणकारी योजना’ हे शीर्षक उत्तम आहे, कारण त्यातील ‘घरेलू कामगार महिला’ काढून नाका कामगार, फेरीवाले किंवा रिक्षाचालक घातले तरी शिफारशींच्या प्रकरणात स्वल्पविरामही बदलावा लागत नाही. खाडी ओलांडून नवी मुंबईत गेलात तर एपीएमसी बाजारातले माथाडी आणि सिडकोचे प्रकल्पग्रस्त आहेतच. मात्र प्रकल्पग्रस्तांच्या वाट्याला सहसा जाऊ नये. संपादित जमिनीच्या मोबदल्यात मिळायच्या साडेबारा टक्के भूखंडाचा विषय काढला की तिथली माणसे कपाटातून फाइल काढतात आणि संशोधकालाच प्रश्न विचारू लागतात.

गृहीतके दोन पुरेत. पहिले : ‘घरेलू कामगार महिलांची आर्थिक स्थिती असमाधानकारक आहे.’ दुसरे : ‘घरेलू कामगार महिलांमध्ये शासकीय योजनांविषयी जागृतीचा अभाव आहे.’ पहिले गृहीतक नाकारण्याची हिंमत काय-वर्गासारख्या कोणत्याही संख्याशास्त्रीय कसोटीला होणार नाही. दुसरे अधिक मोलाचे आहे, कारण त्यात दोष आपोआप त्या बायकांकडेच जातो आणि आपल्याला ‘जनजागृती शिबिरे आयोजित करावीत’ ही शिफारस करता येते.

पहिल्या प्रकरणात जिल्ह्याची ओळख द्यावी. शिलाहारांपासून निघून १८८२ च्या गॅझेटियरमार्गे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास आलेल्या पहिल्या आगगाडीपर्यंत पोहोचावे. काळाचा क्रम उलटा झाला तरी कोणी हरकत घेत नाही. मग पर्जन्यमान, मृदा आणि पिके. लोकमान्य नगरातल्या दहा बाय दहाच्या खोलीत राहून घोडबंदर रोडवरच्या चार घरची भांडी घासणाऱ्या बाईच्या अध्ययनात भातशेतीचे क्षेत्र कशाला, असे विचारणाऱ्याला आंतरविद्याशाखीय दृष्टी नाही असे समजावे. हे प्रकरण अर्थातच आधीच्या प्रबंधातून घ्यायचे असते. घेताना एवढेच पाहावे, की १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला असून ठाण्याकडे पंधरापैकी सातच तालुके राहिले आहेत. पालघर वेगळा होऊन दशक उलटल्यानंतरही डहाणू, जव्हार आणि मोखाडा ठाणे जिल्ह्यातच नांदवणारे प्रबंध सुखाने मंजूर होत असतील, तर त्यात नवल नाही. शेवटी २०११ च्या जनगणनेचा १,१०,६०,१४८ हा अविभाजित जिल्ह्याचा आकडा छापावा. तो शेवटच्या अंकापर्यंत अचूक आहे आणि आपल्या विषयाच्या काहीही उपयोगाचा नाही.

नमुन्याची संख्या ३८४ घ्यावी. १९७० साली दोन अमेरिकी अभ्यासकांनी छापलेल्या तक्त्यात दहा लाख लोकसंख्येलाही ३८४ चा नमुना पुरे असे दिले आहे, आणि तेव्हापासून या संख्येला आपल्याकडे मंत्राचे सामर्थ्य आलेले आहे. वागळे, वर्तकनगर, कळवा आणि माजिवडा-मानपाडा अशा चार प्रभाग समित्या घेतल्या की प्रत्येकी ९६ येतात. समाजाची इतकी समसमान वाटणी पाहून परीक्षक प्रसन्न होतात. त्या तक्त्यामागे समष्टीतल्या, म्हणजे ज्यांचे अध्ययन करायचे त्या सगळ्यांतल्या, प्रत्येकीला निवडले जाण्याची सारखीच संधी मिळायला हवी अशी एक अट आहे खरी, पण तक्ता उद्धृत करावा, अट करू नये. व्यवहारात जानेवारीत एखाद्या मंडळाचे हळदीकुंकू गाठावे. मंडळाच्या अध्यक्षांना आधी फोन केला तर वाण घेऊन परतणाऱ्या बायकांकडून तासाभरात प्रश्नावल्यांचा गठ्ठा भरून होतो. प्रकरण तिसऱ्यात याला ‘यादृच्छिक नमुना निवड’ म्हणावे.

हळदीकुंकवाचा हंगाम हुकलाच तर वस्तीत सकाळी अकराला जावे. या वेळेला ज्यांना काम आहे त्या सगळ्या कामावर असतात, त्यामुळे घरी भेटतात त्या कंबर धरल्यामुळे काम सुटलेल्या, नुकत्या बाळंत झालेल्या किंवा म्हाताऱ्या बायका. त्यांनी ‘काम नाही’ असे सांगितले की बेरोजगारीचे प्रमाण चिंताजनक असल्याचा निष्कर्ष बसल्या जागी मिळतो. दुपारी दोन ते चारच्या मधे, पहिली घरे उरकून संध्याकाळच्या पोळ्यांना निघण्याआधी, घरकाम करणारी बाई घरी सापडण्याची शक्यता असते. म्हणून ती वेळ कटाक्षाने टाळावी.

प्रश्नावलीत उत्तरे आधीच छापलेली असावीत. ‘मासिक उत्पन्न’ या प्रश्नाखाली पाच हजारांपर्यंत, पाच ते दहा हजार आणि दहा हजारांहून अधिक असे तीन चौकोन ठेवावेत. बाई बोलू लागते ते असे, “पहिल्या घरी भांडी-लादीचे बाराशे, वरच्या मजल्यावर पोळ्यांचे वेगळे, तिसऱ्या घरचे लोक गावी गेले की त्या महिन्याचे निम्मेच देतात, आणि दिवाळीचा बोनस एकीकडे साडी, एकीकडे पगार, एकीकडे काहीच नाही.” हे सारे ऐकत बसलात तर घरकामाचा दर कोण ठरवतो, सुट्टीचे पैसे कोण कापतो आणि एका इमारतीतल्या बायका आपसात भाव कसा धरून ठेवतात, असे भलभलते विषय निघतील. त्यांच्यासाठी चौकोन नाही. “म्हणजे साधारण सात-आठ हजार ना?” असे विचारून मधल्या चौकोनात बरोबरची खूण करावी. नंतर सारणी, सारणीचा वृत्तालेख आणि वृत्तालेखाखाली ‘वरील सारणीवरून असे दिसून येते की’ या शब्दांनी सुरू होणारा परिच्छेद घातला, की त्या एका खुणेचे दीड पान होते.

मुलाखतीपूर्वी संमतीपत्रावर सही घेणे आता अनिवार्य आहे. ते इंग्रजीत, दोन पानांचे असावे. “मागच्या वर्षी पण दोन पोरी येऊन हेच विचारून गेल्या, त्यांचं काय झालं?” असे एखादी विचारेलच. त्या दोघी उत्तीर्ण झाल्या हे खरे उत्तर असले तरी ते देऊ नये.

समाजकार्याच्या विद्यार्थ्यांची अडचण अंमळ मोठी असते. त्यांना आठवड्यातून दोन दिवस क्षेत्रकार्य असते, आणि व्यक्तीला तिच्या अडचणीत साहाय्य करणे हा त्यांच्या अभ्यासक्रमाचाच भाग असतो. अशा वेळी एखादी बाई प्लॅस्टिकच्या पिशवीतून घरेलू कामगार मंडळाचे जुने ओळखपत्र काढते आणि सांगते, की नोंदणी केली होती, पण नूतनीकरण राहिले, म्हणून २०२१ च्या टाळेबंदीत नोंदणी चालू असलेल्यांना मिळालेले दीड हजार हुकले. आता पंचावन्न ओलांडली आहे, तर सन्मानधनाच्या दहा हजारांचे काय, असे ती विचारते. येथे तोल जाऊ देऊ नये. तिच्याबरोबर कामगार कार्यालयात जाणे हे साहाय्य ठरेल, पण त्यात अख्खा दिवस जाईल, आणि शिवाय तिला योजनेचे नाव, रक्कम आणि वयाची अट तोंडपाठ असल्याची नोंद करावी लागून दुसरे गृहीतक धोक्यात येईल. ओळखपत्राचा फोटो मात्र काढून घ्यावा. परिशिष्टात छान दिसतो.

वाङ्मयचौर्याच्या तपासणीने घाबरून जाऊ नये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. चाळीसपर्यंत गेल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावे लागते, साठपर्यंत गेल्यास वर्षभर प्रबंध सादर करता येत नाही, आणि त्यापुढे नोंदणीच रद्द होते. हा धाक प्रामुख्याने इंग्रजीत लिहिणाऱ्यांसाठी आहे. मराठीत लिहिणाऱ्याने स्टेशनजवळच्या टायपिंगवाल्याकडून जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये मजकूर टाइप करून घ्यावा. पडद्यावर शुद्ध मराठी दिसणारा तो मजकूर यंत्राच्या लेखी रोमन अक्षरांची निरर्थक रांग असते, आणि तशी रांग जगात दुसऱ्या कोणी लिहिलेली नसल्यामुळे साम्य शून्याच्या आसपास येते. मौलिकतेचा याहून निखळ पुरावा मिळणे कठीण.

आता शेवटचे प्रकरण. घरेलू कामगारांसाठी राज्यात २००८ चा स्वतंत्र कायदा आहे, मंडळ आहे, तरी नोंदणी का रखडते, हे आपल्या ३८४ पैकी काहीजणी विचारले नसतानाही सांगून जातील. अर्जासोबत मालकाचे प्रमाणपत्र लागते आणि मालकीणबाई सही करत नाहीत. ‘उद्या काही लफडं झालं तर?’ म्हणतात, ‘साहेबांना विचारते’ म्हणतात, आणि नूतनीकरणाच्या वेळी पुन्हा तेच. ही माहिती ‘इतर’ या रकान्यात टाकावी. सही न करणाऱ्या बाजूची मुलाखत घेण्याचा मोह झाला तर ‘प्रस्तुत अध्ययन केवळ घरेलू कामगार महिलांपुरते मर्यादित आहे’ हे वाक्य अध्ययनाच्या मर्यादांमध्ये घालावे. मालक मंडळी काही वस्तीत राहत नाहीत, ती आपल्याच संकुलात, बहुधा आपल्याच मजल्यावर राहतात, आणि त्यांच्याकडे प्रश्नावली घेऊन जाणे शेजारधर्माला सोडून होईल.

रविवारी मुद्रितशोधन चालू असताना आपल्याच घरच्या मावशी ओले हात पदराला पुसत तो फॉर्म पुढे करतील आणि म्हणतील, “ताई, एवढी एक सही द्याल का?” प्रबंधाचे काम संपेपर्यंत थांबायला सांगावे, किंवा सोसायटीच्या सेक्रेटरींकडे पाठवावे. काळे रेक्झिन आणि सोनेरी अक्षरे यांचे पैसे आगाऊ द्यावे लागतात, आणि बायंडिंगवाल्याचे दुकान रविवारी एकलाच बंद होते.