रोज धुवा, पण भिजवू नका

डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद मी फ्रिजवर चिकटवला आणि सगळ्या सूचना एका दमात वाचल्यावर मला खात्रीच पटली की हा कागद दोन वेगवेगळ्या माणसांनी एकमेकांवर खुन्नस काढत लिहिलाय. जखम रोज धुवायची, पण चिंचिलाला, म्हणजे आमच्या घरातल्या दाट फरच्या, कुरतडणाऱ्या छोट्या प्राण्याला, भिजवायचं नाही. नीट धरायचं, पण दाबायचं नाही. मलम लावायचं, पण चाटू द्यायचं नाही. फार उड्या मारू द्यायच्या नाहीत, पण एका जागी बसूनही राहू द्यायचं नाही. आणि सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित करून, तिला टेन्शन येऊ देऊ नका. आमच्या टेन्शनबद्दल कागदावर काहीच नव्हतं.

ती म्हणजे ठमी. चिडली की ठमाबाई. वजन अर्ध्या किलोच्या थोडं वर, रंग राखाडी, स्वभाव जहागीरदारणीचा. ओळखीच्या एका कुटुंबाला तिला ठेवणं जमेना म्हणून आमच्याकडे आली, पिंजऱ्यासकट आणि दुखऱ्या पायांसकट. पण पाय दुखतायत हे कळायलाच वेळ लागला, कारण चिंचिला हा प्राणी दुखणं दाखवतच नाही. अँडीज पर्वतात खडकांच्या कपारीत राहणारी, कोल्ह्या-घुबडांच्या जेवणाच्या यादीत असलेली ही जात, तिथे जो लंगडला तो संपला, त्यामुळे पाय कितीही ठणकत असला तरी चेहरा असा की आपणच उगाच चौकश्या करतोय. बायकोला मात्र संशय आला. ही वरच्या फळीवर जात नाही, म्हणाली, आणि बसल्या बसल्या आधी एक मागचा पाय उचलते, मग दुसरा.

मग उचलून बघितलं. मागच्या तळव्यावर, टाचेकडच्या भागात, मसुराएवढा लालभडक चट्टा, त्याच्या मधोमध एक भेग, भेगेच्या कडा कडक आणि पिवळट, आणि एका टोकाला तपकिरी खपली. दुसऱ्या पायाला नुसता घट्टा होता, पण तोही त्याच वाटेवर.

आता निसर्गाची कमाल बघा. या प्राण्याच्या कातडीतल्या एकेका छिद्रातून पन्नास-साठ केस येतात, फर इतकी दाट की त्या फरपायी माणसाने ही जात रानातून जवळजवळ संपवत आणली, आणि एवढं सगळं ऐश्वर्य अंगभर वाटून झाल्यावर तळव्यापर्यंत पोचेस्तोवर स्टॉक संपला. सशाच्या पायाखाली निदान केसांची गादी असते. चिंचिलाचे तळवे साफ उघडे. त्यात बाईसाहेबांना खायला बसायचं ते दोन मागच्या पायांवर ताठ, पुढच्या हातात गवताची काडी धरून, म्हणजे सगळा भार त्या इवल्याशा उघड्या कातडीवर. खाली तारेची जाळी असेल तर तार रुततेच, ओलं घाण अंथरूण असेल तर कातडी मऊ पडून जंतू शिरतात, वजन वाढलेलं असेल तर विचारूच नका. आधी लाली, मग घट्टा, मग भेग, मग पू, आणि दुर्लक्ष केलं तर प्रकरण पार हाडापर्यंत जातं. डॉक्टरांनी म्हणूनच एक्स-रे काढला. हाड ठीक होतं. सुटलो.

म्हणजे असं तेव्हा वाटलं. घरची ट्रीटमेंट अजून सुरू व्हायची होती.

जंतुनाशक डॉक्टरांनी सांगितलं तेवढं फिकं करायचं, कापूस त्यात बुडवून पिळायचा आणि फक्त तळवा पुसायचा. थेंब वर फरमध्ये गेला की फर आतून लवकर वाळत नाही आणि मग तिथे बुरशी, म्हणजे एक आजार बरा करताना दुसरा फ्री. बायको पकडणार, मी पुसणार, असं ठरलं. धरलं तर चावतं सोडलं तर पळतं ही म्हण ज्याने कुणी केली त्याच्या घरी नक्की चिंचिला असणार. यात तिसरी गंमत अशी की घाबरलेल्या चिंचिलाला घट्ट धरलं तर ती त्या जागची फर सोडून देते, सरळ पुंजकाच्या पुंजका हातात ठेवून निघून जाते. शत्रूच्या तोंडात केस देऊन जीव वाचवायचा, अशी सोय आहे ती. पहिल्या दिवशी बायकोच्या मुठीत फर होती, माझ्या हातात कापूस होता आणि ठमी कपाटाखाली होती.

मग टॉवेलमध्ये गुंडाळायचं ठरलं. तेही जास्त वेळ नाही हं, कारण यांना घाम येत नाही, पंचवीस डिग्रीच्या वर खोली गेली की यांचा जीव धोक्यात येतो, त्यात टॉवेल. त्यामुळे आमचं काम एकदम गाडीचं टायर बदलणाऱ्या रेसवाल्यांसारखं. गुंडाळ, पाय बाहेर काढ, पूस, कोरडं कर, मलम, सोड. मी बोलत नव्हतो, बायको बोलत नव्हती, ठमी मात्र कुत्र्यासारखं खॅक खॅक भुंकत होती.

आणि एक गोष्ट लोक आधी सांगत नाहीत. चिंचिलाची मादी चिडली की मागच्या पायांवर उभी राहते आणि मुताची पिचकारी मारते. नेम धरून. माझा चष्मा होता म्हणून डोळे वाचले. मी तोंड धुवून आलो तर बायको म्हणते, अहो, पण बघितलंत का, दोन्ही पायांवर नीट उभी राहिली ती! यात आनंद मानायचा असतो हे मला तेव्हा कळलं.

मलमाचं पण एक शास्त्र आहे. जे पायाला लावाल ते थोड्याच वेळात पोटात जाणार, त्यामुळे आपल्या औषधांच्या डब्यातली कुठलीही ट्यूब उचलून लावायची नाही, विशेषतः बधिर करणारी किंवा स्टिरॉइडवाली. आमचे शेजारी फार प्रेमळ माणूस, ते त्यांच्या कुत्र्याच्या अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या उरल्यात, देऊ का म्हणून दारात उभे. त्यांना बसवून समजावलं की अमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिनच्या गटातली औषधं तोंडावाटे दिली तर चिंचिलाच्या आतड्यातले कामाचे जंतूच मरतात, पचन कोलमडतं आणि पायासाठी दिलेल्या गोळीने प्राणी जातो. ते म्हणाले, अर्धी देऊन बघा.

बँडेजही झालं. डॉक्टरांनी छान मऊ पट्टी बांधली, वर चिकटपट्टी, अगदी बुटासारखी सुबक. घरी पोचेपर्यंत पट्टी शाबूत. सकाळी पट्टी गवताच्या टोपलीत आणि ठमी शेजारी बसून उरलेली चिकटपट्टी अशी तल्लीन होऊन कुरतडत होती की ती आधी काढून घ्यावी लागली, कारण ती गिळली तर पोटात अडकायची, आणि चिंचिलाला उलटी करता येत नाही. त्यात आणखी बंदी आली धुळीच्या अंघोळीवर. यांची अंघोळ म्हणजे बारीक मातीत लोळणं, आणि उघड्या जखमेत ती माती जाऊन चालत नाही. जखम भरेपर्यंत फर तेलकट, आणि मातीचा रिकामा डबा ढकलून ढकलून आमचा रोज निषेध.

पण माझं स्पष्ट मत सांगतो, औषधाने फक्त जखम भरते. आजार फरशीत असतो. जाळीच्या तळाचे पिंजरे बनवणाऱ्या मंडळींनी एकदा रात्रभर अनवाणी त्या जाळीवर उभं राहून बघावं, खाली घाण पडते म्हणून साफसफाई सोपी वगैरे जे काही सांगतात ना, ते मग सकाळी सांगावं. पायच कशाला, जाळीच्या भोकात तंगडी अडकून हाड मोडतं ते वेगळंच. आम्ही सगळी जाळी झाकली. काही भागावर फ्लीसचं, म्हणजे मऊ लोकरीसारखं कापड, काठ आत दुमडून, कारण सुटा धागा दिसला की तो खाल्लाच. मध्ये साध्या, रंग-पॉलिश न लावलेल्या पाइनच्या फळ्या. एका कोपऱ्यात गुळगुळीत टाइल, ती गारही राहते. सगळीकडे एकच पृष्ठभाग नको, पायाच्या एकाच जागी सारखा दाब नको, हे त्यातलं इंगित. फ्लीस रोज झटकायचं, ओलं दिसलं की बदलायचं, फळी मुताने भिजून वास मारायला लागली की नवी. फळ्या तशाही ती खातेच, म्हणजे आमच्या घरात फर्निचर हे खर्चाच्या नाही, चाऱ्याच्या हिशोबात धरतात.

तळवे रोज बघायचे तर रोज कुस्ती कशाला, म्हणून बायकोने एक भारी युक्ती काढली. ठमीला पारदर्शक प्लॅस्टिकच्या मोठ्या डब्यात ठेवायचं, एकीने डबा उचलून धरायचा आणि दुसऱ्याने जमिनीवर उताणं पडून खालून मोबाइलने फोटो काढायचा. गुलाबी, मऊ, भेग नाही, म्हणजे ठीक. थोडा घट्टा चालतो, वय झालं की येतोच. उताणा पडणारा म्हणजे अर्थातच मी. या अवस्थेत मला कुरिअरवाल्याने बघितलंय. त्याने सही न घेताच पार्सल ठेवलं.

शेवटचा बदल चाकाचा. जुनं चाक जाळीचं होतं, ते काढलं, पाठ वाकणार नाही एवढं मोठं, पंधरा इंची, सलग पृष्ठभागाचं धातूचं चाक आणलं. आता भेग भरलीये, कातडी छान गुलाबी आलीये, आणि रात्रीचा दीड वाजला की चाक सुरू होतं ते पहाटेपर्यंत, घरघर, मध्येच उडी, परत घरघर. डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, हे फारच उत्तम लक्षण आहे. त्यांचं काय जातं, ते झोपतात त्यांच्या घरी.