पात्राव, फिट्ट बसतलें!

गाडी छोटी आहे म्हणून मन छोटं करून घेऊ नका. कंपनीने तुमच्या हॅचबॅकला १६५/८० आर१४ चे टायर दिले, कारण तिथल्या इंजिनिअरांना तुमचा शेजारी ठाऊक नव्हता. तुम्हाला तो ठाऊक आहे. त्याने सोळा इंची मॅगव्हील, म्हणजे ऐटीची अलॉय चाकं, घातलीत. म्हणजे तुमचा साइज ठरला: सतरा. पुढचं वाचायची खरं तर गरज नाही, पण गॅरेजसमोर उभं राहून बोलायचं तर चार शब्द तोंडी असलेले बरे.

आधी तो आकडा. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच कोंबलेली दुसरी वस्तू माझ्या तरी पाहण्यात नाही. १६५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे कडेची उंची रुंदीच्या ८० टक्के, अर्थात १३२ मिलिमीटर. १४ हा रिमचा व्यास, इंचांत. मधला ‘आर’ रेडियलचा. टायरच्या आतले धागे कसे घातलेत ते तो सांगतो. तुम्ही मात्र ‘आर म्हणजे रेडियस’ असंच ठणकावून सांगत जा. चौदा इंच त्रिज्येची रिम म्हणजे अठ्ठावीस इंच व्यासाची झाली, हे कुणी मोजायला येत नाही.

गणित करू नका. गणित करणाऱ्यांना कळतं की १४ गुणिले २५.४, अधिक दोनदा १३२, म्हणजे चाकाचा एकूण व्यास साधारण ६२० मिलिमीटर. मग ते रिम वाढवताना टायरची कड त्या हिशोबात उतरवतात आणि व्यास होता तिथेच ठेवतात. १८५/६५ आर१५ घ्या, ६२२ भरतो. १९५/५५ आर१६ घ्या, ६२१. इतकं सरळ काम करून शेवटी नाव कुणाचं होणार? मी २०५/४० आर१७ घेतले. का, असं विचारू नका. दुकानात तेच होते. दुकानदाराने टेप काढली नाही, स्टेअरिंग पूर्ण वळवून पाहिलं नाही, नुसता माझ्याकडे बघून म्हणाला, “पात्राव, फिट्ट बसतलें!” म्हणजे, मालक, फिट्ट बसतील.

आता २०५/४० आर१७ चा व्यास येतो ५९६ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ चार टक्के कमी. इथे रड्या माणूस रडतो आणि शहाणा फायदे मोजतो. चाक लहान झालं की तेवढ्याच अंतरात ते जास्त फेरे घेतं आणि मीटरला वाटतं गाडी पळतेय. मीटरवर १०० दिसतात तेव्हा गाडी ९६ ने चाललेली असते. इंजिनाला हातही न लावता चार किलोमीटरचा वेग पदरात पडला! किलोमीटरचा काटाही तसाच उदार होतो: ९,६०० चाललात की १०,००० दाखवतो. गाडी विकताना हे न चाललेले ४०० किलोमीटर तुमच्याच बोकांडी बसतील, पण ते पुढचं पुढे. आज पेट्रोलच्या हिशोबात तेच चारशे तुमच्या बाजूने उभे राहतात. रुंद टायर पेट्रोल जास्त पितात म्हणे, पिऊ देत. मी बायकोला कागदावर लिहून दाखवलं की ॲव्हरेज पडलेलं नाही. ती अकाउंट्सची असूनही गप्प बसली. बहुतेक कंटाळून.

कडेचं म्हणाल तर १३२ ची ८२ झाली. पाच सेंटिमीटर रबर गेलं. ही रबराची कड म्हणजे टायरचं पोट. खड्डा आला की ते दबतं आणि रिम वाचते. गोव्यात पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. जुलैत खड्डा आणि डबकं यांतला फरक चाक आत गेल्यावरच कळतो. मला तो पर्वरीला कळला. रिमला चपटा आला, टायरच्या कडेला आतून लिंबाएवढा फुगा. फुगा म्हणजे आतले धागे तुटले, त्याला पंक्चर नाही नि पॅच नाही, टायर बाद. असे प्रसंग आनंदाने घ्या: जोडीने दोन टायर घ्यावे लागतात, म्हणजे दुकानदाराशी घरोबा वाढतो. रुंद टायरने ग्रिप वाढते हेही सगळ्यांना सांगा, फक्त कोरड्या रस्त्यावर उभे राहून सांगा. साचलेल्या पाण्यावर अरुंद टायर पाणी कापत जातो. रुंद टायर कमी वेगातच त्याच्यावर तरंगायला लागतो. जुवारीच्या पुलावर मुसळधार पावसात स्टेअरिंग एकदम लोण्यासारखं हलकं झालं, तर ते पॉवर स्टेअरिंगचं कौतुक नव्हे.

रिम निवडताना आठ भोकांची निवडा. चार तुमच्या गाडीची (१०० मिलिमीटर वर्तुळावरची), चार कुण्या दुसऱ्याच्या गाडीची. मधलं भोक बहुधा ७३.१ मिलिमीटरचं असतं आणि तुमचा हब, म्हणजे त्या भोकात बसणारा गाडीचा गोल भाग, ५४.१ चा. मधली फट भरायला प्लास्टिकची रिंग मिळते, ती विसरा. मग ऐंशीच्या पुढे स्टेअरिंग थरथरतं आणि तुम्ही तीन वेळा बॅलन्सिंग करून घेता. ऑफसेटचं (रिमच्या मध्यापासून ती हबला टेकते तिथपर्यंतच्या अंतराचं) म्हणाल तर कंपनीचा ४५ असेल तिथे ३५ घ्या: चाक दहा मिलिमीटर बाहेर. रिम साडेपाचच्या जागी सात इंच रुंद, तिचे वर आणखी एकोणीस. एकूण जवळजवळ तीन सेंटिमीटर चाक बाहेर सरकतं आणि मडगार्डमधून डोकावतं. चिखल दारांवर उडतो, बेअरिंगवर ओढ येते, पण मागून बघणाऱ्याला गाडी मांडी ठोकून उभी आहे असं वाटतं.

कायद्याचं कुणी काढलं तर हसून सोडा. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीच्या मूळ नमुन्याहून वेगळा बदल करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी सोय केली. विमा कंपनीला कळवलं नसेल तर क्लेमच्या वेळी तीही आठवण काढते. कंपनीने मान्य केलेले साइज आणि हवेचं प्रेशर ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर छापलेलं असतं. तिथे देवाचा एखादा स्टिकर चिकटवा. देव बरोब्बर बसतो त्या जागी.

आणि गाडीची परीक्षा चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला घ्या. आमचं मूळ घर दिवाडीला, बेटावर. जुन्या गोव्यातल्या व्हाइसरॉयच्या कमानीखालून धक्क्यावर यायचं आणि फेरीबोट धरायची. ही कमान वास्को द गामाच्या पणतूने आपल्या पणजोबांच्या गौरवासाठी उभारली. नवे व्हाइसरॉय इथून मिरवत शहरात शिरायचे. मी तिच्याखालून उलटा बाहेर पडलो, ऐटीत तेवढाच. गाडीत मी, बायको, दोन मुलं, आई. मागे माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या फळाफुलांचं सामान: नारळांची पेंड, केळ्यांचा घड, सुपारीचे घोस, तोरिंजन, आणि मुलांच्या मांडीवर मावत नाही एवढा भोपळा. प्रत्येक वळणावर मागच्या मडगार्डमधून घर्र घर्र असा आवाज येत होता. शेवटी आई म्हणाली, “बाबू, गाडीला बरं नाही का रे? कण्हतेय ती.”

धक्क्यावर ओहोटी. बोट खाली गेलेली, तिची लोखंडी फळी उताराला टेकलेली, आणि जिथे टेकते तिथे कोपरासारखा कोन. मूळ गाडी जमिनीपासून १६३ मिलिमीटर वर होती. बारा टायरने खाल्ले, चाळीस मी हौसेने कापलेल्या स्प्रिंगांनी, उरलेले आम्हा पाच जणांनी आणि भोपळ्याने. पुढची चाकं फळीवर चढली आणि पोटाखालून असा आवाज आला की बोटीवरचे सगळे स्कूटरवाले एकदम वळले. बोटीचा माणूस दोन्ही हात वर करून धावत आला. “फाटीं घे! फाटीं घे!” मागे घेतली. तिरकी घालून पाहिली. माणसं उतरवून पाहिली. नारळ उतरवून पाहिले. पुन्हा तोच आवाज, आता थोडा ओळखीचा.

“भरती येंवदी,” तो म्हणाला आणि साखळी लावली.

आई, बायको, मुलं, पेंड, घड, भोपळा, सगळं चालत बोटीवर गेलं. बोट सुटली. आईने पलीकडून हात केला तो मला की गाडीला, कळलं नाही. मी धक्क्यावर गाडीला टेकून बसलो. पाऊस जरा उघडला होता, चाकांवरचं पाणी चमकत होतं. पुढच्या बोटीसाठी थांबलेला एक पोरगा स्कूटर स्टँडला लावून जवळ आला, उकिडवा बसला, रिमवरून बोट फिरवलं.

“सत्रा?” त्याने विचारलं.

“सत्रा,” मी म्हटलं.

“मस्त दिसता, अंकल.”

मी सरळ होऊन बसलो. भरतीला अजून दोन तास होते. “तुला काय वाटतं,” मी विचारलं, “अठरा बसतील?”