मामा, परत हेच घर घ्याल काय?

मागच्या आखाडातला रविवार. बायकोच्या भावाचा पोरगा सुज्या जेवायला आलेला. तांबडा-पांढरा वरपून झाला, नको नको म्हणत तिसरी वाटी पण संपवली आणि हात पुसता पुसता विचारतो, "मामा, खरं सांगा, परत हेच घर घ्याल काय?" त्याला फ्लॅट घ्यायचा होता, लोन मंजूर झालेलं, आणि कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलेलं की बिल्डरला काही विचारू नको, राहत्या माणसाला विचार.

आतनं बायको म्हणाली, "विचारलास व्हय? बस आता चारपर्यंत."

तर, हा फ्लॅट आम्ही २०१२ ला घेतला. रमणमळ्याच्या बाजूला, दुसरा मजला. बघायला गेलो मे महिन्यात, पहिली चूक तीच. कोल्हापुरात मे महिन्यात कुठलंही घर चांगलंच दिसतंय. भिंती खडखडीत कोरड्या, बाल्कनीत उभारलं की समोर जोतिबाचा डोंगर, वारा असा की लुंगी धरून उभारायला लागायचं. घर बघायचं तर जुलैत बघावं, तेपण आठ-दहा दिवस सलग लागून राहिल्यावर. कपाट ओढून मागच्या भिंतीवर हात फिरवावा आणि मग भावाचं बोलावं. डोंगराचं म्हणाल तर समोर बिल्डिंग झाली, आता जोतिबाच्या जागी एका काकांची बनियन वाळत असते.

दुसरी चूक फुटांची. तेव्हा बिल्डरला लगाम घालणारा रेरा कायदा नव्हता, आपल्याकडं महारेरा आलं २०१७ ला, त्यामुळं सगळा व्यवहार सुपर बिल्टअपवर. हजार फूट म्हणून मोजून पैसे दिले. राहायला आल्यावर एका रात्री झोप येईना म्हणून मी फरशा मोजल्या. दोन बाय दोनच्या, कापलेल्या तुकड्यांची जुळवाजुळव करून १७० भरल्या. म्हणजे ६८० फूट. उरलेले ३२० फूट कुठं आहेत म्हणून सकाळी बिल्डरला विचारलं तर म्हणाला, "जिन्यात आहेत की साहेब, लिफ्टमध्ये आहेत, भिंतीत आहेत." तेव्हापासनं पाहुणे वाढले की मी म्हणतो, चला, थोडा वेळ आपल्या जिन्यात बसू.

वास्तू बघितली होती बरं का. किचन आग्नेयेला, देवघर ईशान्येला, सगळं जागच्या जागी. नदी कुठल्या दिशेला आहे तेवढं बघायचं राहिलं.

म्हणजे विचारलं होतं मी. एजंट म्हणाला, "२००५ ला आलं तेवढंच, आता शंभर वर्षं बघायला नको." शंभरातली चौदा वर्षं बरोबर निघाली. २०१९ ला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, आणि ते म्हणे कधी न आलेलं पाणी, तर पुढं दोनच वर्षांनी २०२१ ला ५६ च्या वर. बाहेरगावचे लोक पाऊस किती मिलीमीटर ते बोलतात, आमच्यात फुटावर चालतं. ३९ ला इशारा, ४३ ला धोका, पाणी जामदार क्लबाजवळ आलं काय, राधानगरी धरणाचे सातातले किती दरवाजे उघडले, ह्याच्यावर आम्ही गाडी काढायची का नाही ते ठरवतो. रात्री तीनला उठून मोबाईलवर पातळी बघायची आणि एक इंच उतरली असली तरी बायकोला उठवून सांगायचं. ती म्हणते, "उतरलं तर कशाला उठवताय, चढलं की उठवा."

२०१९ ला पार्किंग बुडालं, तळमजला बुडाला, आम्ही दुसऱ्या मजल्यावर सेफ. सेफ म्हणजे काय, खाली बघावं तिकडं पाणी आणि नळाला थेंब नाही, कारण शहराला पाणी देणारे पंपच पुरात बुडालेले. लाइट नाही, हायवे बंद, दूध नाही, पेट्रोल नाही. शेवटी बोट आली. माझी बायको अस्सल कोल्हापुरी, "मी गेलो, मी आलो" बोलणारी, ती बोटीत बसताना म्हणाली, "थांबा, गॅस बंद केला काय बघून आलो," आणि परत वर गेली. बोटवाला तसाच दोरी धरून उभा.

पण खरं सांगू काय, पुराचं काही वाटत नाही. पूर येतो, जातो, चिखल काढला की चार लोक मदतीला येतात. माझा जीव घेतला तो बाथरूमच्या छतानं.

वरच्या बाथरूममधनं गळतं. आठ वर्षं. मालक पुण्यात, फ्लॅटमध्ये कॉलेजची पोरं भाड्यानं. पोरं म्हणतात मालकांना सांगा, मालक म्हणतो पोरांना सांगा. प्लंबर म्हणाला गवंड्याची चूक, कोबा नीट घातला नाही, गवंडी म्हणाला प्लंबरची चूक, ट्रॅपजवळनं येतंय, आणि वॉटरप्रूफिंगवाला दोघांच्या पाया पडून म्हणाला केमिकल मारूया. मालक तर फोनवर म्हणतो, "ते पावसाचं पाणी असेल हो." मग मी एक दिवस निळीची बाटली घेऊन वर गेलो, पोरांच्या बाथरूममध्ये ओतली, चार बादल्या पाणी सोडलं आणि खाली येऊन छताकडं बघत, गळतीखाली ठेवलेल्या डालड्याच्या डब्याशेजारी बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला निळा थेंब पडला. इतका आनंद मला पोरगं दहावी पास झाल्यावर झाला नव्हता. फोटो पाठवला, सोसायटीच्या उपविधीतला नियम पाठवला, की संडास-बाथरूमची गळती ज्याची त्यानं दुरुस्त करायची. त्यानं अंगठा पाठवला. तेवढंच.

"वैतागलाय तो पण," मी सुज्याला म्हटलं, "आता विकायच्या मागं आहे, पण पूर म्हटलं की गिऱ्हाईक फिरतंय, येईल त्या भावाला देईल बघ."

सुज्या एवढा वेळ जांभया देत होता, तो सरळ बसला. "तिसरा मजला नव्हं? मग तिथं पाणी यायचा प्रश्नच नाही. मामा, नंबर आहे काय त्याचा?"

दसऱ्याला वास्तुशांत झाली. पुरणपोळीची पंगत आमच्याच हॉलमध्ये बसली, काही लोक जिन्यात. खर्च जरा जास्त झालाय, बाथरूमचं पुढच्या वर्षी बघू, असं त्यानं आत्तीच्या कानात सांगितलं म्हणे. मला नाही. बायको रोज सकाळी वर डबा पाठवते, आणि मी आंघोळीला गेलो की बाहेरनं बजावते, "गळतंय गळतंय म्हणून ओरडू नका हं, वर ऐकू जातंय त्याला."

परवा डालड्याचा डबा भरला होता. मी गुपचूप रिकामा केला.