एमएस-64 म्हणे! पण कोणाचं?

कॅनडाचा चांदीचा डॉलर विकायला काढायचा आणि वर नुसतं "एमएस-64" लिहून मोकळं व्हायचं! एमएस म्हणजे मिंट स्टेट, न वापरलेलं नाणं, आणि 64 हा त्याच्या अवस्थेचा गुण. अरे, पण कोणाचं 64? नाण्याची अवस्था मोजायची 1 ते 70 ची शेल्डन पट्टी सगळेच वापरतात, पण ती काही वजनकाट्यावरची ग्रॅम नव्हे. टोरांटोची आयसीसीएस ही नाणी तपासणारी कंपनी कॅनडाच्या नाण्यांना हात आखडून गुण देते, हा तिकडच्या जुन्या संग्राहकांचा अनुभव. तेच नाणं अमेरिकेतल्या पीसीजीएस किंवा एनजीसी या कंपन्यांकडे गेलं की पुष्कळदा एक पायरी वर चढतं. म्हणून तर आयसीसीएसच्या मऊ पाकिटातून काढून अमेरिकन कंपनीच्या कडक स्लॅबमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या बंद डबीत, घालण्याचा धंदा चालतो. आणि दरपत्रकात एमएस-65 समोर भाव एकच, कंपनी कुठलीही असो!

1948 चा डॉलर घ्या. भारत स्वतंत्र झाला, कॅनडाच्या नाण्यावरच्या ब्रिटिश राजाच्या बिरुदातून "हिंदुस्थानचा सम्राट" गेलं, नवे ठसे उशिरा आले आणि त्या तारखेचे जेमतेम 18,780 डॉलर निघाले. अशा नाण्यात 64 आणि 65 मधला फरक म्हणजे राजाच्या गालावरचे दोन-चार ओरखडे, आणि त्यावर किंमत कुठल्या कुठे जाते. एक परीक्षक ते ओरखडे मोजतो, दुसरा झळाळी बघून सवलत देतो. दोघांचा आकडा सारखा कसा मानायचा?

त्याहून संताप येतो तो "एयू डीटेल्स"चं जाहिरातीत "एयू" (जवळजवळ न वापरलेलं) होतं तेव्हा. डीटेल्स म्हणजे नाणं घासलंय, ओरबाडलंय किंवा आणखी काही बिघडवलंय, म्हणून साधा ग्रेड नाकारलाय. तो एक शब्द गाळणं ही सरळ फसवणूक आहे.

वापराने झालेली झीज आणि कच्चा ठसा, म्हणजे टाकसाळीतच चित्र नीट न उमटणं, यातला फरकही लोक बघत नाहीत. दिव्याखाली नाणं तिरपं धरून फिरवा. उंचवट्यावरून झळाळी अखंड सरकली तर ठसा कच्चा. तिथेच ती तुटून करडा डाग दिसला तर झीज. एकाच दिशेच्या बारीक समांतर रेघा दिसल्या तर कोणीतरी पुसलंय. पंचम जॉर्जच्या सेंटवर मुकुटाच्या पट्ट्यातले आठही मोती आणि मधला हिरा स्पष्ट असल्याशिवाय ईएफ (एक्स्ट्रीमली फाइन, फार कमी झिजलेलं) म्हणू नका. भिंगातून बघायला दोन मिनिटं लागतात!

जाहिरातीत कंपनीचं नाव, लेबलवरचा प्रत्येक शब्द आणि तिरप्या उजेडातला गालाचा फोटो द्या. देत नसाल तर एमएस-64 चा भाव मागू नका.