खुलासा: सॉकेट नुसता लोखंडी बॉक्सवर आवळून त्याला अर्थिंग मिळत नाही

कोल्हापुरातल्या वायरमन मंडळींच्या ग्रुपवर फिरतंय, "सॉकेट लोखंडी बॉक्सवर घट्ट आवळला की अर्थिंग मिळालंच, हिरवी वायर नको." हे चुकीचं आहे, जिवावर बेतेल. अमेरिकेतल्या सॉकेटला धातूची पट्टी असते, तिथं काही अटींवर हे चालतं. आपला मॉड्युलर सॉकेट प्लॅस्टिकच्या फ्रेममध्ये बसतो, त्याचं अर्थ टर्मिनल बॉक्सला टेकतच नाही.

काल उद्यमनगरात हिरवी वायर न जोडलेला एक बोर्ड उघडला. मेन बंद करून मल्टिमीटरचं एक टोक सॉकेटच्या वरच्या मोठ्या (अर्थच्या) भोकात, दुसरं बॉक्सला लावलं. बीप वाजलाच नाही, म्हणजे दोन्ही एकमेकांना जोडलेलेच नव्हते!

हिरवी वायर सॉकेटच्या अर्थ टर्मिनलला हवीच, आणि बॉक्सलाही, तिथला रंग खरवडून. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.