कमरबंड पेशव्यांचा नाही हो, मामा

धाकट्याच्या रिसेप्शनसाठी टक्सिडो भाड्याने आणलाय, त्याच्यासोबत कमरेला बांधायची मरून सॅटिनची ती रुंद पट्टी आली, इंग्रजीत जिला 'कमरबंड' म्हणतात, मागे इलॅस्टिक आणि हुक. मी फोटो टाकला फॅमिली ग्रुपवर, तर दहा मिनिटांत मामांचा फॉरवर्ड हजर, की 'कमरबंड' हा आपला संस्कृत 'कंबरबंध', शनिवारवाड्यावर सरदारांच्या कमरेला बघून इंग्रजांनी शब्द चोरला, फारसीवाल्यांनीही आपल्याकडूनच उचलला, आणि घड्या असतात त्या जेवताना पडणारा चुरा झेलायला. हा फॉरवर्ड मला तिसऱ्यांदा आलाय, आता बास.

आधी शनिवारवाडा. हॉब्सन-जॉब्सन म्हणून १८८६ चा जाडजूड कोश आहे, अँग्लो-इंडियन शब्दांचा, नेटवर फुकट वाचता येतो. त्यात या शब्दाखाली १६१६ ची नोंद आहे, रिचर्ड कॉक्स नावाच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसाच्या डायरीतली, आणि हा बसलेला कुठे, तर जपानात! तिथल्या एका सरदाराने आरसे, जग, छीट वगैरेचे नमुने मागवले भावासकट, त्या यादीत 'कोम्बरबँड्स' आहेत. १६१६ म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माआधी १४ वर्षं. पेशवाई १७१३ ची. मग चोरला कुणाचा, न जन्मलेल्या सरदाराचा? त्याच कोशात त्याच्याही आधीची १५५२ ची पोर्तुगीज नोंद आहे, गोव्यात गव्हर्नरला भेट मिळालेल्या सोन्या-रेशमाच्या उंची कापडाची, आणि ते कापड 'पर्शियाचं' असं स्पष्ट लिहिलंय.

संस्कृतचं म्हणाल तर संस्कृतात कमरेला कटि. 'कंबर' आपण फारसी 'कमर'वरूनच घेतली, आणि इतकी आपली केली की कंबर कसताना, कंबरडं मोडताना कुणाला फारसी आठवत नाही. त्यात कमीपणा काय आहे मला कळत नाही, खिसा, रुमाल, पायजमा कुठून आले मग?

हां, एक अर्धं खरं आहे, देतो. फारसी 'बंद', संस्कृत 'बंध' आणि इंग्रजी 'बाइंड' एकाच जुन्या मुळाचे. पण भावंडं आहेत ती, बापलेक नाहीत.

चुऱ्याचं सोडा. गोऱ्या ऑफिसरांनी हे इथे उकाड्यात वेस्टकोटऐवजी बांधायला घेतलं, एवढंच. घड्यांची तोंडं वर ठेवतात हे मात्र खरं, धाकट्याने उलटं घातलं होतं. आणि मामा, हुक मागून लावायला माणूस लागतो, संध्याकाळी जरा लवकर या.